लग्नानंतरची प्रेमकथा : भवभूतीचं 'उत्तररामचरित'

गोदाकाठ

नवरा-बायकोच्या मुरलेल्या प्रेमाबद्दल नाटक-कादंबऱ्यांत जे काही वाचलं, त्यात भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'इतकं खोल मला दुसरं काही सापडलेलं नाही. आठव्या शतकातलं हे सात अंकी नाटक. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना त्यातल्या एक-दोन ओळी पाठ असतात, 'वज्रादपि कठोराणि' किंवा 'ते हि नो दिवसा गताः'. सुभाषितं म्हणून त्या इतक्या वापरल्या गेल्या की मागचं नाटक वाचायचंच राहून जातं. म्हणून हा धागा.

दोघांची भेट, ओढ, अडथळे, मग मीलन, असा आपल्या प्रेमकथांचा नेहमीचा रस्ता. इथे पडदा उघडतो तेव्हा हे सगळं कधीच होऊन गेलेलं आहे. वनवास संपला, राज्याभिषेक झाला, सीतेला दिवस गेलेत. घरची वडीलधारी मंडळी ऋष्यशृंगाच्या यज्ञाला गेली आहेत. जनकही नुकताच परत गेला म्हणून ती उदास आहे. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण दोघांना त्यांच्याच आयुष्यावर काढलेली चित्रं दाखवायला घेऊन जातो. जुना अल्बम उघडून बसलेलं जोडपंच म्हणा ना. लग्नाच्या चित्रात लक्ष्मण मांडवी दाखवतो, श्रुतकीर्ती दाखवतो आणि मधली एक गाळतो. सीता बरोबर तिच्यावर बोट ठेवून विचारते, "आणि ही दुसरी कोण?" ती ऊर्मिला. लक्ष्मण लाजून विषय बदलतो आणि घाईघाईने परशुरामाचं चित्र दाखवू लागतो. 'ते हि नो दिवसा गताः' हे राम याच चित्रांपुढे म्हणतो: वडील हयात होते, लग्न नवं होतं, आया आमची काळजी वाहत होत्या, गेले ते दिवस.

मग सीता थकते. झोपायला टेकू हवा. राम म्हणतो:

आ विवाहसमयाद् गृहे वने शैशवे तदनु यौवने पुनः ।
स्वापहेतुरनुपाश्रितोऽन्यया रामबाहुरुपधानमेष ते ॥

लग्न झाल्यापासून, घरात आणि रानात, लहानपणी आणि पुढे तारुण्यात, दुसऱ्या कुणीही जिचा आसरा घेतला नाही अशी ही तुझी उशी, रामाचा हात.

या श्लोकात रूपाचं वर्णन नाही की आणाभाका नाहीत. वर्षानुवर्षं त्याच हातावर झोप येण्याची सवय आहे. संसारातल्या प्रेमाबद्दल याहून खरं काय लिहिणार? ती झोपते. तो तिच्याकडे बघत म्हणतो: ही घरातली लक्ष्मी, ही डोळ्यांतली अमृताची शलाका, हिचं काय प्रिय नाही? असह्य आहे तो फक्त विरह. 'विरह' शब्द तोंडातून पडतो न पडतो तोच दारावरची प्रतिहारी आत येऊन म्हणते, "देव, आला आहे." आलेला असतो दुर्मुख, लोक काय बोलतात ते राजाच्या कानावर घालणारा हेर. प्रेक्षागृहात त्या क्षणी काय होत असेल याची कल्पना करा.

दुर्मुख आत येतो, पण अजून त्याने तोंड उघडलेलं नाही. सीता झोपेत बरळते, "आर्यपुत्र, कुठे आहात?" राम तिला थोपटतो आणि तो जगप्रसिद्ध श्लोक म्हणतो:

अद्वैतं सुखदुःखयोरनुगतं सर्वास्ववस्थासु यद्
विश्रामो हृदयस्य यत्र जरसा यस्मिन्नहार्यो रसः ।
कालेनावरणात्ययात्परिणते यत्स्नेहसारे स्थितं...

सुखात आणि दुःखात जे एकच राहतं, सगळ्या अवस्थांत सोबत चालतं, जिथे मनाला विसावा मिळतो, म्हातारपणही ज्याची गोडी हिरावून घेऊ शकत नाही, काळ जाईल तसे आडपडदे गळून पडतात आणि जे स्नेहाचा अर्क होऊन उरतं, असं प्रेम एखाद्याच भाग्यवंताला लाभतं. हा श्लोक लग्नपत्रिकांवर छापतात. नाटकात मात्र तो म्हटला जातो तेव्हा संसार मोडणारी बातमी त्याच खोलीत उभी आहे.

बातमी ऐकल्यावर राम तिचं डोकं हलकेच उचलतो आणि हात काढून घेतो. तिच्या पावलांवर डोकं ठेवतो. ती झोपलेलीच असते.

माझं म्हणणं असं की भवभूतीने हा अख्खा संसार हाताच्या स्पर्शातून सांगितला आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि लग्नानंतरचं प्रेम तुम्हाला आणखी कुठे असं भेटलंय?

चाफेकळी

किती मनापासून लिहिलंय. 'अद्वैतं सुखदुःखयोः' आमच्या लग्नात गुरुजींनी म्हटला होता. पुढे काय घडतं ते तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि बरंच झालं. वाचतेय.

शांभवी_ठाणे

श्लोक सुंदर आहेत, पण याला प्रेम म्हणणं माझ्या गळी उतरत नाही.

दिवस भरत आलेल्या, झोपलेल्या बायकोच्या डोक्याखालचा हात काढून घ्यायचा आणि तिला एक शब्दही सांगायचा नाही? रथ तयारच असतो, कारण तिला डोहाळे लागलेले असतात: रानात हिंडावं, भागीरथीत डुंबावं. त्याच डोहाळ्यांच्या आडून तिला नेऊन सोडतात. थोड्याच वेळापूर्वी तिने विचारलेलं असतं, "तुम्हीही याल ना?" आणि त्यावर तो म्हणालेला असतो, "कठोर मनाची आहेस, हे काय सांगायला हवं?"

आणि त्याच अंकात आधी अष्टावक्र ऋषींपुढे तो जे म्हणतो ते गोदाकाठ यांनी गाळलंय. स्नेह, दया, सुख, इतकंच काय जानकीसुद्धा, लोकांच्या आराधनेसाठी सोडावी लागली तरी मला व्यथा नाही. सीता शेजारीच बसलेली आहे आणि ती त्याचं कौतुक करते. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

परस्परांची निष्ठा म्हणायची तर हिशेब दोन्ही बाजूंचा मांडायला हवा. तिने राजवाडा सोडला, रान तुडवलं, अग्नीत उभी राहिली. त्याने काय दिलं? श्लोक.

झाडीपट्टीकर

वादात नंतर पडतो, आधी आमच्या माणसाबद्दल दोन शब्द. आपण विदर्भातल्या पद्मपूरचे, हे भवभूतीने स्वतःच आपल्या दुसऱ्या एका नाटकाच्या, 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत सांगितलंय. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते गाव म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पद्मपूर असं मांडलं. वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, घराणं तैत्तिरीय शाखेचं, वेदाध्ययनाचं. पुढे तो कनौजच्या यशोवर्म्याच्या पदरी होता असं कल्हणाच्या 'राजतरंगिणी'त आहे. त्याची तिन्ही नाटकं कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत रंगली. म्हणजे समोर दरबारी पंडितांबरोबर यात्रेला आलेली माणसंही असणार.

'परस्पर' या मुद्द्यावर त्याच्याच 'मालतीमाधवा'तला श्लोक इथे असायला हवा. चोरून लग्न लावून देताना कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी नवऱ्या मुलाला आणि मुलीला सांगते:

प्रेयो मित्रं बन्धुता वा समग्रा सर्वे कामाः शेवधिर्जीवितं वा ।
स्त्रीणां भर्ता धर्मदाराश्च पुंसामित्यन्योन्यं वत्सयोर्ज्ञातमस्तु ॥

सगळ्यात जवळचा मित्र, सगळं गणगोत, सगळ्या इच्छा, पुरून ठेवलेलं धन, फार काय जीवच, हे सगळं स्त्रीला नवरा आणि पुरुषाला बायको. दोघांनीही हे एकमेकांबद्दल जाणून असा. उपदेश एकट्या मुलीला नाही, दोघांना एकाच श्लोकात आहे, आणि 'मित्र' सगळ्यात आधी आलाय. आठव्या शतकातल्या वेदाध्यायी घरातल्या माणसाने हे लिहावं याचा मला फार अभिमान वाटतो.

गोदाकाठ

शांभवी, तुमचा राग नाटकाच्या विरोधात जातो असं मला वाटत नाही. तो नाटकातच आहे. भवभूतीने तो एकेका पात्राच्या तोंडी घातलाय आणि पहिला नंबर खुद्द रामाचा आहे.

दुसऱ्या अंकात राम तप करणाऱ्या शूद्र शंबूकाला मारायला दंडकारण्यात येतो. (तो प्रसंग आज वाचवत नाही. त्याचं समर्थन मी करणार नाही.) तलवार उचलताना तो स्वतःच्या उजव्या हाताशी बोलतो: मार, अवघडलेल्या गर्भवती सीतेला घालवून देण्यात तरबेज असलेल्या रामाचा अवयव आहेस तू, तुला कुठली आलीय करुणा! जो हात पहिल्या अंकात उशी होता, त्यालाच तो दुसऱ्या अंकात शिव्या घालतोय.

आणि मग तिसरा अंक. बारा वर्षं लोटलीत. राम जनस्थानात, पंचवटीत, गोदावरीच्या काठी आलाय. (आम्ही नाशिककर हा अंक जरा जास्तच आपला मानतो.) मुलांच्या बाराव्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने फुलं तोडून सूर्याला वाहा, असं सांगून भागीरथीने सीतेलाही तिथेच पाठवलंय, आणि वर दिलाय की ती कुणालाही, वनदेवतांनासुद्धा, दिसणार नाही. सोबत तमसा, माणसाच्या रूपातली नदी. राम आलाय हे तमसेकडून कळल्यावर सीतेचं पहिलं वाक्य काय? राजधर्मात कमी पडत नाही हो तो राजा! 'तो राजा'. नवरा नाही.

मग त्याचा आवाज कानावर येतो. ओळखीच्या झाडांखाली तो कोसळतो. ती धावते आणि हाताने त्याला शुद्धीवर आणते. राम डोळे मिटूनच म्हणतो, हा पूर्वीचा ओळखीचा स्पर्श, नक्की तोच. तमसा त्या वेळी सीतेच्या मनाचं जे वर्णन करते त्यावरून कुणी म्हणू नये की सीता लगेच विरघळली. निराशेने अलिप्त, अन्यायाने गढूळ, इतक्या वर्षांनी अचानक भेट झाल्याने थिजलेलं, स्वभावाच्या चांगुलपणाने निवळ, त्याच्या विलापाने कळवळलेलं आणि प्रेमाने पातळ झालेलं, हे सगळं एकाच क्षणी. लग्नात दुखावलेल्या माणसाचं मन असंच असतं. राग उतरल्यावर माया येते असं नसतं, दोन्ही एकदम असतात.

तुमचा प्रश्न वासंती विचारते. सीतेची मैत्रीण, वनदेवता. ती त्याला 'महाराज' म्हणते आणि त्या हाकेतला कोरडेपणा त्याला तिथल्या तिथे बोचतो. मग ती म्हणते:

त्वं जीवितं त्वमसि मे हृदयं द्वितीयं त्वं कौमुदी नयनयोरमृतं त्वमङ्गे ।
इत्यादिभिः प्रियशतैरनुरुध्य मुग्धां तामेव शान्तमथवा किमिहोत्तरेण ॥

तू माझा जीव, तू माझं दुसरं हृदय, डोळ्यांचं चांदणं, अंगावरचं अमृत, अशा शेकडो गोड बोलण्यांनी त्या भोळीला भुलवून तिलाच... जाऊ दे, पुढचं बोलून काय उपयोग. आरोप ती पूर्ण करतच नाही. रामाच्या जुन्या गोड बोलण्याचं माप त्याच्याच पदरात टाकते. तुम्ही 'श्लोक' म्हणालात, वासंतीही तेच म्हणते आहे.

हे सगळं चालू असताना सीता तिथेच उभी असते, न दिसता, आणि एकेक शब्द ऐकते. माझ्या मते हे या नाटकाचं हृदय आहे. आपण समोर नसताना आपला माणूस आपल्याबद्दल काय बोलतो, कसा जगतो, हे संसारात कधीच कळत नाही. सीतेला ते कळतं. अश्वमेधासाठी सहधर्मचारिणी आहे असं राम म्हणतो तेव्हा ती हादरते. दुसरं लग्न? मग ऐकते की ती सहधर्मचारिणी म्हणजे सीतेचीच सोन्याची प्रतिमा. तेव्हा ती म्हणते, माझ्या त्यागाच्या लाजेचं शल्य आता यांनी उपटून काढलं.

आणि पुन्हा हात. राम तिचा न दिसणारा हात धरतो: लग्नात कंकण बांधलेला जो हात मी धरला होता, तोच हा. दोघांचेही हात थरथरतात, घामेजतात. आणि तीच तो सोडवून घेते. सोडवून घेते, हे लक्षात घ्या. एवढं ऐकूनही ती 'मी इथे आहे' म्हणत नाही.

जुनी_पोथी

गोदावरी निघालीच आहे तर थोडं मागे जाऊ या. हाल या सातवाहन राजाची 'गाथासप्तशती', महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. चोरट्या भेटीगाठींसाठी ती प्रसिद्ध आहे, पण घरातल्या नवरा-बायकोच्या गाथा मला त्याहून प्यारी वाटतात.

एकीत बायको स्वयंपाकघरात राबतेय, काजळी लागलेला हात गालाला लागतो, आणि नवरा हसतो: आता तुझं तोंड खरं चंद्रासारखं झालं, डागासकट. दुसरीत भांडण झालंय. दोघंही पाठ फिरवून झोपेचं सोंग घेऊन पडलीत, श्वास रोखून, कान मात्र दुसऱ्याच्या श्वासाकडे. कवी विचारतो, या दोघांत पहिलवान कोण? दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं घर आहे हे, पण तो अबोला आपण सगळ्यांनी धरलेला आहे.

आणि एक गाथा मी आयुष्यभर विसरणार नाही. सुख-दुःख सारखं वाटून घेत जी वाढली, काळाने ज्यांचं प्रेम मुळं धरून बसलं, अशा जोडप्यातलं जे मरतं तेच जगतं, मागे उरतं ते मेलेलं असतं.

'अद्वैतं सुखदुःखयोः'च्या शेजारी ही गाथा ठेवून बघा. तेच दोन शब्द, सुख आणि दुःख. तोच 'काळ'. भवभूती त्या प्रेमाला भाग्य म्हणतो. प्राकृत कवी त्याची किंमत सांगतो. दोन्ही खरं आहे असं मला वाटतं, आणि दुसरं समजायला वय व्हावं लागतं. स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती वाचनालयात मिळाली तर जरूर घ्या. प्रस्तावनाच एक पुस्तक आहे.

सातासमुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहतो, इथलंच उदाहरण देतो. जेन ऑस्टेनच्या 'परस्वेजन'मधले ॲडमिरल क्रॉफ्ट आणि मिसेस क्रॉफ्ट. कादंबरी तिच्या मृत्यूनंतर 1817 च्या डिसेंबरात बाहेर आली. ऑस्टेन म्हटलं की लग्नाशी थांबणाऱ्या गोष्टी आठवतात, पण हे जोडपं लग्नाला पंधरा वर्षं झालेलं आहे आणि माझ्या मते तिच्या सगळ्या पुस्तकांत सर्वात सुखी आहे.

नायिकेचं प्रेम आठ वर्षांपूर्वी मोडलंय आणि तिच्या डोळ्यांसमोर हे दोघं सतत एकत्र. मिसेस क्रॉफ्ट नवऱ्याबरोबर लढाऊ जहाजांवर राहिलेली आहे. चार वेळा अटलांटिक ओलांडलाय, एकदा हिंदुस्थानच्या बाजूलाही जाऊन आलीय. बायकांनी जहाजावर राहू नये असं म्हणणाऱ्या स्वतःच्या भावाला ती सुनावते की आम्ही काही नाजूक बाहुल्या नव्हे, आणि आयुष्यात मला खरा त्रास झाला तो एकाच हिवाळ्यात, जेव्हा मी डील गावी एकटी होते आणि ते उत्तर समुद्रात. काल्पनिक दुखणी व्हायची, पुढची बातमी कधी येईल कळायचं नाही. एकत्र असताना वादळात, अरुंद खोलीत, कधीही आजारी पडले नाही.

एक प्रसंग तर सगळ्यात लाडका. दोघं आपल्या छोट्या घोडागाडीत, लगाम ॲडमिरलच्या हातात, गप्पा रंगलेल्या, आणि गाडी एका खांबावर जाणार. मिसेस क्रॉफ्ट शांतपणे लगामाला हात लावून किंचित वळवते, पुढे एकदा खड्ड्यातूनही तशीच वाचवते, आणि गप्पा चालूच. शेजारी बसलेली नायिका मनात म्हणते, यांचा संसारही असाच चालत असणार.

गोदाकाठ यांच्या हाताच्या मुद्द्यावरून हे आठवलं. इथेही हातच आहे, फक्त तिचा, आणि काम करणारा. खांब दिसला की ती नुसती बसून राहत नाही. शांभवींना हवं ते इथे सापडेल असं वाटतं. सीतेला लगामाला हात लावायची संधीच कुणी दिली नाही.

शांभवी_ठाणे

शेवटचं वाक्य नेमकं. सीतेला झोपेत ठेवूनच निर्णय होतो. तिला जागं करून सांगितलं असतं तर कदाचित तीच म्हणाली असती, जाते. पण ते तिचं जाणं झालं असतं.

तिसऱ्या अंकाबद्दल मात्र आता उत्सुकता आहे. तिने हात सोडवून घेतला हे मला माहीत नव्हतं.

नाट्यवेडा

रंगभूमीच्या अंगाने लिहितो. तिसऱ्या अंकात सीता प्रेक्षकांना दिसते, रामाला दिसत नाही. तिची वाक्यं राम ऐकत नाही, आपण ऐकतो. नटीला सबंध अंक समोरच्या नटाला एकही प्रतिसाद देता येत नाही आणि तरी प्रत्येक वाक्याला प्रतिसाद द्यायचा आहे. अभिनयाची इतकी अवघड परीक्षा फार कमी नाटकांत आहे.

मराठीत लग्नानंतरचं प्रेम शोधायचं तर मी 'नटसम्राट'कडे बोट दाखवीन. 1970 चं नाटक, आणि योगायोग म्हणा, लेखक नाशिकचेच. लोकांना आठवतात ती अप्पा बेलवलकरांची स्वगतं. मला आठवतं ते त्यांचं कावेरीला 'सरकार' म्हणणं. सगळं मुलांना वाटून टाकायचा निर्णय अप्पांचा, धोका आधी ओळखते कावेरी, आणि तरीही पुढची फरफट ती त्यांच्याबरोबर चालते. ती गेल्यानंतरचा अप्पा पाहा आणि जुनी_पोथी यांनी दिलेली गाथा पुन्हा वाचा.

चाफेकळी

शांभवीताईंच्या बाजूने थोडं. आमच्याकडे जुन्या बायका जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणायच्या. त्यात त्यांची सगळी माया सीतेकडे असायची, रानात तिची बाळंतपणाची सोय कोण करणार याची काळजी असायची. रामाला सोडलेलं नव्हतं, पण माफही केलेलं नव्हतं. त्या बायकांचेही संसार पन्नास-पन्नास वर्षं टिकले. नवऱ्याचं दुखणं-खुपणं काढलं, त्याच्या पथ्याचं बघितलं, आणि ओवीत सीतेचा वकील होऊन उभ्याही राहिल्या. निष्ठा म्हणजे अन्याय न दिसणं नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. वासंतीचं बोलणं वाचून मला त्या ओव्यांचीच आठवण झाली.

झाडीपट्टीकर

चाफेकळी, फार बरं वाटलं वाचून. तिसऱ्या अंकातच अपत्याला भवभूती नवरा-बायकोच्या दोन मनांची 'आनंदग्रंथी' म्हणतो, आनंदाची गाठ. अंगावरून सुटल्यावर मुलं भागीरथीने वाल्मीकींकडे सोपवली, म्हणजे ती गाठ सीतेपासूनही दूर वाढली, हेही त्याच अंकात आहे.

शांभवी_ठाणे

मग शेवट? वाल्मीकींच्या उत्तरकांडात ती धरणीत जाते. तिचं ते उत्तर मला फार मोठं वाटतं. भवभूतीने तिला परत आणलं म्हणतात. तिला विचारलं का कुणी?

गोदाकाठ

शेवट बदललाय हे खरं, पण फुकट बदललेला नाही.

सातव्या अंकात वाल्मीकी गंगेच्या काठी एक नाटक करवतात, अप्सरांकडून. प्रेक्षकांत राम, लक्ष्मण आणि अयोध्येचे लोक. नाटकातलं नाटक म्हणजे सीतेला सोडल्यानंतर तिच्यावर काय गुदरलं ते. ती गंगेत उडी घेते, पाण्यातच मुलं होतात, पृथ्वी आणि भागीरथी तिला धरून वर आणतात. राम बसल्या जागेवरून रंगमंचावरच्या सीतेला हाका मारू लागतो आणि लक्ष्मणाला सांगावं लागतं, आर्य, हे नाटक आहे.

तिसऱ्या अंकात ती न दिसता त्याचं दुःख बघते. सातव्यात त्याला तिचं दुःख बघावं लागतं, मध्ये पडता न येता, सगळ्या प्रजेदेखत. भवभूतीने माप सारखं केलंय. आणि तिथे पृथ्वी, म्हणजे मुलीची आई, जावयावर आरोपपत्र ठेवते:

न प्रमाणीकृतः पाणिर्बाल्ये बालेन पीडितः ।
नाहं न जनको नाग्निर्नानुवृत्तिर्न सन्ततिः ॥

लहानपणी धरलेला हात त्याने प्रमाण मानला नाही. मला नाही, जनकाला नाही, अग्नीला नाही, ती रानोमाळ मागे आली त्याला नाही, पोटातल्या मुलांना नाही. शांभवी, तुम्ही मागितलेला हिशेब हाच, आणि त्याची सुरुवात हातापासून आहे. राम तो समोर बसून ऐकतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वसिष्ठांची पत्नी अरुंधती खरी सीता घेऊन येते आणि विचारते ते प्रजेला. सीतेला कुणी विचारत नाही. अरुंधती रामाला सांगते की सोन्याच्या प्रतिमेच्या जागी आता हिला यज्ञात बसव. त्यावर सीता मनाशी म्हणते, "सीतेचं दुःख पुसायला आर्यपुत्रांना येतं का?" याचं उत्तर कुणी देत नाही, कारण ते मोठ्याने विचारलेलंच नाही. लगेच लक्ष्मण पुढे होऊन म्हणतो, हा निर्लज्ज लक्ष्मण नमस्कार करतो.

शांभवी_ठाणे

म्हणजे ती परत जाते ती हा प्रश्न मनात ठेवून. असं असेल तर मला हा शेवट गोड वाटत नाही, आणि त्यामुळेच पटतो. शेजारणीकडे मो. रा. काळ्यांची जुनी आवृत्ती आहे, ती आणतेय. पहिला अंक पुन्हा वाचायचं धाडस नाही, तिसऱ्यापासून सुरू करते. सीतेच्या प्राकृत वाक्यांत अडले तर इथेच विचारीन.

गोदाकाठ

जरूर विचारा. आणि चौथा अंक गाळू नका. जनक आणि कौसल्या तिथे समोरासमोर येतात, मुलीचा बाप आणि जावयाची आई, आणि बराच वेळ दोघांनाही एकमेकांकडे बघवत नाही. त्यावर निवांत बोलू.